सायकल मंडळाची भोकरतळ्यावरची फेरी

सखाराम नागवेकराला सायकल चालवता येत नव्हती. रत्नागिरीत ही गोष्ट त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

सायकल मात्र होती, आणि ती चांगली होती. मुंबईत गोदीजवळच्या एका पेढीवर तो बारा वर्षं कारकून होता. तिथला एक पारशी हेडक्लार्क कराचीला बदलून गेला, तेव्हा त्याची सायकल सखारामनं घेतली. घेतली त्याच संध्याकाळी त्यानं घरी पत्र धाडलं की मी हल्ली सायकलवरून कामावर जातो-येतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो सायकल घेऊन मैदानावर गेला, पायडलवर पाय देऊन वर चढला आणि चार हात जाऊन क्रिकेट खेळणाऱ्यांच्या मधोमध पडला. खेळणारे हसले, त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण एका म्हाताऱ्या गृहस्थानं त्याला हात देऊन उठवलं आणि मायेनं विचारलं, “या वयात कशाला बाबा?” सखाराम तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

पुढच्या रविवारी पुन्हा बघू, असं त्यानं ठरवलं होतं. तोवर घरून उत्तर आलं. वडिलांनी त्याचं पत्र ओटीवर चार माणसांत वाचून घेतलं होतं, सगळ्यांना फार अभिमान वाटला होता, आणि ट्रामपासून जपून राहायला सांगितलं होतं. आता शिकायला जावं आणि गाववाल्यानं पाहावं, तर पत्र खोटं ठरणार. मुंबईत ज्या रस्त्यावर रत्नागिरीचा माणूस भेटत नाही असा रस्ता सखारामला माहीत नव्हता. तेव्हा तो शिकला नाही. सायकल पुसायचा, तेल घालायचा, सुटी करून पुन्हा जोडायचा. पायडलची झिजलेली रबरं काढून त्यानं नवी घातली. चार वर्षांत तिचा एकेक खिळा त्याच्या ओळखीचा झाला.

एकतीस साली त्याला गावातच लाकडाच्या वखारीत नोकरी लागली आणि तो बोटीनं परत आला. बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राहिली, सायकल लहान पडावात उतरली, आणि दोन खलाशांनी ती पालखीसारखी खांद्यावर घेऊन धक्क्याला लावली. धक्क्यावर निम्मा गाव होता. कोणीतरी म्हणालं, “बसून दाखवा की वाईच!”

“बंदरावर?” सखाराम म्हणाला. एवढाच शब्द, पण तो अशा सुरात आला की विचारणारा ओशाळला.

त्यानंतर तो रोज सायकल हातात धरून वखारीत जायचा आणि हातात धरून परत यायचा. बाजारपेठेत गर्दी असते, तिथं बसणं म्हणजे अडाणीपणा. पुढं चढ आहे, चढावर बसलं की चेन ताणली जाते. उतारावर ब्रेक झिजतात. गावात चार-पाच शिपाई आणि एक ओव्हरसियर सर्रास सायकलवर बसून फिरत, पण त्यांच्याबद्दल सखाराम म्हणायचा, “बसतात खरे. पण त्याला बसणं म्हणत नाहीत.” लोकांना ते पटायचं. कारण त्याच ओव्हरसियरची चेन तुटली की तो सखारामच्याच अंगणात येऊन उभा राहायचा, आणि सखाराम ती अशी बसवून द्यायचा की वर्षभर बघायला नको.

वर्षभरात त्याच्या नादानं आणखी तिघांनी सायकली घेतल्या. आप्पा पिलणकर, कापडदुकानदार, अंगानं भरलेला. बाळा शिवलकर, शाळामास्तर, अंगानं काठीसारखा. आणि बाबू मयेकर, बोटींच्या एजंटाकडे कामाला होता. तरुणपणी दोन वर्षं जहाजावर काढली होती, त्यामुळे जांजीबारमध्ये आपण अमुक केलं आणि तमुक केलं असं तो काहीही सांगू शकायचा. या चौघांनी मिळून सायकल मंडळ काढलं. सखाराम अध्यक्ष झाला आणि शिकवण्याचं काम त्याच्याकडे आलं.

तो शिकवायचाही. पहिला महिना यंत्राची ओळख. दुसरा महिना हातात धरून चालणं, म्हणजे तोल कळतो. पुढचा भाग, तो म्हणायचा, ज्याचा त्यानं एकांतात करायचा. चारचौघांत पडलं की मनात भीती बसते. हे सांगताना त्याचा आवाज इतका खरा यायचा की तिघंही माना डोलवायचे. महिन्याभरानं आप्पांनी सांगितलं की आपण माडाच्या बागेत सराव केला. मास्तर म्हणाले, भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत, पहाटे. बाबूला सरावाची गरजच नव्हती, तो जांजीबारला शिकला होता. सखारामनं तिघांना शाबासकी दिली आणि मनातून तो खचला. आपणच शिकवलेली माणसं पुढं गेली, आणि आपण आहोत तिथंच.

तेहतीसच्या संक्रांतीला मंडळानं सहल काढायची ठरवली. सूचना मास्तरांची. सात मैलांवर भोकरवाडीचं तळं आहे, सड्याच्या उघड्या पठारापलीकडं. काठानं दोन मैलांची सपाट वाट आहे, चिऱ्यांच्या गाड्या जाऊन जाऊन ती ओटीसारखी घट्ट झालेली. तळ्याला संपूर्ण फेरी मारायची आणि जेवून परत यायचं. सखाराम ‘नको’ म्हणू शकला असता, पण अध्यक्षानं नको म्हणायला कारण लागतं, आणि त्याला ते वेळेवर सुचलं नाही.

निघताना बायकोनं, कमळानं, घावन आणि खोबऱ्याची चटणी बांधून दिली. ती सहज म्हणाली, “आप्पाशेटची बायको सांगत होती, त्यांच्या धोतराला चेनीचं तेल लागतं, काही केल्या डाग जात नाय. तुमच्या धोतराला दोन वर्षांत कधी लागलं नाय.”

“मी जपून बसतो,” सखाराम म्हणाला.

“तेच म्हटलं मी,” कमळा म्हणाली, आणि डबा सायकलीला बांधायला लागली. सखारामला वाटलं ती हसली. पण ती खाली वाकलेली होती.

चौघं उन्हं कोवळी असताना निघाले. गावाबाहेर घाटी लागली. घाटीवर कोणीच बसत नाही, त्यामुळे काही प्रश्न आला नाही. वर सडा आला. सड्यावर नुसता कातळ, मैलभर काळा-तांबडा, मधूनमधून वाळलेलं गवत. सखाराम थांबला आणि टायरवर हात फिरवून म्हणाला, “हा कातळ म्हणजे कानस आहे. माझं ऐकाल तर इथं बसू नका.” तिघांनी त्याचं इतक्या चटकन ऐकलं, की त्याला आपल्या शिष्यांचं कौतुक वाटलं. सडा संपल्यावर उतार आला. तिथं मास्तर आपणहून म्हणाले की उतारावर ब्रेकचा भरवसा धरू नये, हे अध्यक्षांनीच शिकवलंय. मग आंब्याच्या बागेतली वाट लागली. मोहोर फुलला होता, सगळीकडं गोड-आंबूस वास सुटला होता. बाबू म्हणाला, असल्या ठिकाणी घाईनं जाणं पाप आहे.

अशा रीतीनं सायकल मंडळ सात मैल चालून भोकरवाडीला पोचलं.

तळं दिसलं आणि सखाराम जागीच थांबला. इतकी सुंदर जागा त्यानं पाहिली नव्हती. पाण्यावर पांढरी कमळं, काठाला भोकराची झाडं, त्यांची सावली पाण्यात आणि वाटेवर. आणि ती वाट! रुंद, सपाट, एक खडा नाही. चढ नाही, उतार नाही, गर्दी नाही. सायकलवर न बसण्याचं एकही कारण देवानं तिथं ठेवलेलं नव्हतं.

गर्दी नाही म्हणावं, तर तीही होती. पण ती वाट सोडून बसली होती. शहरातली मंडळी सायकलवरून येणार अशी वर्दी आधीच लागल्यामुळे अख्खी वाडी बांधावर जमली होती. वाडीचा मुख्य, गावकार भागोजी, पुढं आला. त्यानं तिळगूळ दिला, शहाळी फोडली.

“वाट सकाळीच बायकांनी झाडून काढलीय,” तो म्हणाला. “तुमी फक्त बसायचं. आमच्या गोदाआयेनं जल्मात सायकल बघितलेली नाय. ती तांबडं फुटल्यापासून येऊन बसलीय.”

गोदाआये ऐंशीच्या घरातली होती. एका डोळ्यात फूल पडलेलं. दुसरा डोळा तिनं चारही सायकलींवरून सावकाश फिरवला आणि विचारलं, “ह्येच्यावर माणूस बसला की पडत नाय काय?”

“नाही पडत, आजी,” मास्तर म्हणाले.

“मग बसा.”

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. “अध्यक्षांनी आधी,” आप्पा म्हणाले. “छे, आज मान वयानं मोठ्यांचा, आप्पाशेटचा,” सखाराम म्हणाला. आप्पांनी तो मास्तरांना दिला, कारण सूचना त्यांची. मास्तरांनी बाबूला दिला, कारण जांजीबार. बाबूनं पाण्याकडं बघत सांगितलं की जेवल्याशिवाय फेरी मारली तर भोवळ येते. हे सगळ्यांना एकदम पटलं. भागोजी म्हणाला, बरोबर आहे, आधी दोन घास खा.

चारही सायकली एका भोकराला टेकवून ठेवल्या आणि मंडळी जेवायला बसली. सखारामला घास उतरत नव्हता. सगळ्यांचं लक्ष शहाळ्यांत असताना तो हात धुवायला म्हणून उठला, झाडामागून गेला, आणि आपल्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल करून आला. हवा इतक्या मोठ्यानं सुटली की तो झाडाआड दबकला. पण कोणी वळून पाहिलं नाही. परत येऊन बसल्यावर त्यानं तीन घावन खाल्ले. त्यानंतर आप्पा तोंड धुवायला गेले. मग बाबूला चूळ भरायची होती. मास्तरांना कमळं जवळून बघायची होती, ते जरा जास्त वेळ बघत राहिले.

जेवणं झाली. बाबू पुढं झाला आणि छातीवर हात ठेवून ओरडला, “अरेरे! माझं चाक बसलं!”

“माझंही!” आप्पा म्हणाले.

“माझी तर दोन्ही,” मास्तर म्हणाले.

सखारामनं आपलं चाक दाबून दाखवलं. कोणाला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. आश्चर्य फक्त सखारामला वाटत होतं. एकाच झाडाखाली चार सायकली आणि बसलेली चाकं पाच. अध्यक्ष आणि कारागीर तोच, तेव्हा तपासणं त्याच्याकडं आलं. त्यानं बाबूची ट्यूब काढून तळ्यात बुडवली. बुडबुडा नाही. आप्पांच्या चाकाला व्हॉल्व्हच नव्हता. तो आप्पांच्या कोटाच्या खिशात असणार, कारण आप्पांचा हात त्या खिशातून बाहेर येत नव्हता. मास्तरांनी दोन्ही व्हॉल्व्ह अर्धे फिरवून व्यवस्थित तसेच ठेवले होते, शाळेतल्यासारखे.

सखाराम ओल्या हातांनी उठला आणि त्यानं तिघांच्या तोंडाकडं पाहिलं. तिघंही कमळं पाहत होते. तेव्हा त्याला कळलं. माडाची बाग नाही, भाट्याची वाळू नाही, जांजीबारही नाही. आप्पांच्या धोतरावरचे तेलाचे डागही हातानंच लावलेले. इतके महिने ज्यांच्यामुळं तो मनातल्या मनात लाजत होता, ते त्याच्याइतकेच जमिनीवर होते. त्याला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग आपणच यांचे गुरू हे आठवून दोन्ही गेलं.

“काटे,” तो मोठ्यानं म्हणाला.

“काटा नाय हो इथं,” भागोजी दुखावून म्हणाला. “वाट झाडलीय आमी.”

तेवढ्यात बांधावरून टपालवाला रामा आला. संक्रांतीची सुट्टी शाळेला होती, टपालाला नव्हती. रामा कदम आठवड्यातून चार दिवस सड्यापलीकडच्या सात वाड्या पायी फिरायचा. खांद्यावर खाकी पिशवी, पायात जाड वहाणा. त्यानं गर्दी बघितली, पिशवी सावरली आणि सखारामच्या चाकाशी उकिडवा बसला.

“हवाच गेलीय नुसती,” तो म्हणाला. “पंप हाय काय, भाऊ?”

पंप होता. सायकलीलाच बांधलेला होता, सगळ्यांना दिसत होता.

“व्हॉल्व्ह खराब झाला असेल,” आप्पा घाईनं म्हणाले.

“मला घरी पोचवायला नातू मघापासून उभा हाय,” गोदाआये मधेच म्हणाली. “मी नाय जायची. होईल तेव्हा होऊ दे.”

सखारामनं तिच्याकडं पाहिलं. ती ओरडून बोलली नव्हती, आणि तिचा चांगला डोळा अजून सायकलीवरच होता. त्यानं पंप सोडला, व्हॉल्व्ह आवळला आणि हवा भरायला सुरुवात केली. मागं मंडळाचे तीन सभासद पंपाकडं बघत उभे होते.

“झालं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “रामा, तुला येते काय रे?”

“येते की. लढाईत बसऱ्याला होतो, तिथं निरोप्याचं काम होतं. तीन वर्षं हीच होती बुडाखाली. त्याला पंधरा वर्षं झाली आता.”

“मग बस. यंत्र नीट आहे का बघ,” सखाराम म्हणाला. तो हे अध्यक्षाच्या आवाजात म्हणाला, पण हँडल पुढं करूनही त्यानं मूठ लगेच सोडली नाही.

रामानं टपालाची पिशवी मास्तरांच्या हातात दिली, वहाणा काढल्या, दोन पावलं धावला आणि बसला. सायकल एकदा डुलली आणि सरळ झाली. मग ती तळ्याच्या काठानं निघाली. भोकरांच्या सावल्यांतून जाताना चाकांचे आरे चमकायचे आणि विझायचे, चमकायचे आणि विझायचे. पाण्यात एक उलटी सायकल तिच्याबरोबर चालली होती. कसलाही आवाज नव्हता, फक्त चेनीची बारीक किरकिर. आणि ती किरकिर ऐकून सखारामला कळलं की मागच्या चाकाजवळ आणखी एक थेंब तेल हवं.

सहा वर्षं ती त्याच्याकडं होती. ती चालताना कशी दिसते, हे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. तो बांधावर उभा राहिला आणि पलीकडच्या काठाला ती मुंगीएवढी होईपर्यंत त्यानं पापणी लववली नाही.

रामा फेरी पूर्ण करून आला आणि टाळ्या पडल्या. सगळे गोदाआयेकडं वळले.

“नाय पडत,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून, “पण ह्यो तर आपला रामा. मला वाटलं, शेरातले बसणार.”

शहरातल्यांचा मोठेपणा भागोजीनं तिला समजावून सांगितला: एवढी सात मैलांची रपेट करून आले, आणि पहिला मान गरीब टपालवाल्याला दिला. वाडीला ते फार आवडलं. परतताना बाकीच्या तीन सायकली बैलगाडीत घातल्या आणि बैल सड्यापर्यंत पोचवून आले. मास्तरांनी मंडळाच्या वहीत त्या दिवसाचा वृत्तान्त लिहिला: ‘मंडळाची भोकरतळ्यावरील फेरी निर्विघ्न पार पडली. तळ्याकाठची वाट सायकलीस सर्वोत्तम असून चालक कसलेला असल्यास फेरीस पाव तास लागतो.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सड्यावर रामाची वाट वेगळी फुटत होती. सखाराम मुद्दाम मागं राहिला.

“रामा,” तो म्हणाला, आणि सायकलीची घंटी उगाच पुसू लागला.

“रविवारी टपाल नसतं, भाऊ,” रामा म्हणाला. “सकाळी या. तळ्यावर तेव्हा कोण नसतं.”

“तुला कसं कळलं?”

“पायडलचं रबर नवं कोरं हाय तुमच्या.” आणि तो हसला नाही, याबद्दल सखारामनं त्याचे आयुष्यभर उपकार मानले.

पाच रविवार लागले. पहिल्या रविवारी तो तळ्यात पडला, दुसऱ्या रविवारी भोकरावर आदळला. तिसऱ्या रविवारी रामा म्हणाला की पुढच्या वेळी जरा दुपारकडं आलात तर बरं, सकाळची वेळ दिलेली आहे. कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही. सांगू नको असं वचन घेतलंय म्हणाला. चौथ्या रविवारी दुपारी सड्यावर समोरून बाबू मयेकर आला, सायकल हातात आणि कोपराला फडकं बांधलेलं.

“कुठं?” सखारामनं विचारलं.

“हवा खायला. तुमी?”

“मीही.”

दोघं एकमेकांना नमस्कार करून आपापल्या वाटेनं गेले.

पाचव्या रविवारी सखाराम भोकरवाडीहून निघाला तो बसूनच निघाला. सडा त्यानं बसून ओलांडला, कातळ कानस असूनही. घाटी उतरला, ब्रेक धरले आणि ते लागले. तसाच तो बाजारपेठेत शिरला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो सायकलवर बसून गावात येत होता, आणि आता सगळा बाजार थांबणार होता. त्यानं घंटी वाजवली. एक म्हैस बाजूला झाली. मासे विकणाऱ्या सगुणानं मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू ठेवली. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते, ते घाईनं आत गेले. बाकी कोणी पाहिलंसुद्धा नाही. सखाराम नागवेकर सायकलवरून चालला आहे, यात बघण्यासारखं होतं काय? तो मुंबईला रोज सायकलवरूनच कामावर जायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

अंगणात कमळा मिरच्या वाळत घालत होती. तिनं त्याला फाटकातून बसून येताना पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ती जवळ आली, वाकली आणि धोतराच्या काठावरचा काळा डाग बोटानं चाचपून पाहिला.

“लागलं शेवटी,” ती म्हणाली. “असू दे, मी काढीन.” सखाराम पाय धुवायला विहिरीवर गेला.

त्या वर्षी पाऊस संपल्यावर त्यानं सायकल आठवड्याचे चार दिवस रामाला द्यायला सुरुवात केली. सात वाड्यांचं टपाल आता दुपारच्या आत पोचू लागलं. सखाराम ते चार दिवस वखारीत पायी जायचा, हात मोकळे, सायकलीशिवाय. लोकांच्या ते लगेच लक्षात आलं. बाजारात एकदा मास्तरांच्या बायकोनं कमळाला कळवळून विचारलं, “सखारामभाऊंनी सायकल सोडली म्हणे? तब्येत बरी आहे ना? वयाबरोबर जमत नाय, खरं आहे. आमच्यांनाही मी सांगते, आता पुरे.”

कमळानं ते घरी येऊन सांगितलं. सखाराम सुटी केलेली चेन रॉकेलात बुडवत होता, कारण दुसऱ्या दिवशी रामाला सायकल लवकर हवी होती.

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणू? म्हटलं, पायी चालण्याची त्यांना पहिल्यापासून आवड.”